भारी ग्राफिक्स कार्ड आणलं, आता अल्ट्रावाइड मॉनिटर कोणता?

ज्यांना लोकलमध्ये, बसमध्ये कानात इअरफोन घालून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जसं निघालं तसंच बरंचसं ठेवलंय.

सध्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, आरटीएक्स ४०९० घेतलं. आता ३४ इंची घेऊ की डायरेक्ट ४९ इंची?" विचारणारा बहुतेक वेळा नुकता नोकरीला लागलेला असतो. कार्डातच दीड लाखाच्या वर गेलेत, म्हणजे एका नव्या बाईकचे पैसे. मॉनिटरसाठी जे उरलंय ते एकदाच खर्च होणार. त्यामुळे इथे गणित चुकलं तर पुढची तीन-चार वर्षं ते समोर बघत बसावं लागतं. अक्षरशः.

तर इंच आधी बाजूला ठेवा. कार्डाला इंच कळत नाहीत, पिक्सेल कळतात.

साधा फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल. २५६० बाय १४४० म्हणजे ३७ लाख. आपला नेहमीचा ३४ इंची अल्ट्रावाइड असतो ३४४० बाय १४४०, म्हणजे जवळजवळ ५० लाख. फोर-के म्हणजे ८३ लाख. आता ४९ इंचीवाला बघा. त्याच्या खोक्यावरही १४४० लिहिलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की ३४ चाच मोठा भाऊ आहे. पण तो आहे ५१२० बाय १४४०, म्हणजे ७४ लाख. फोर-केच्या जवळपास ८९ टक्के! एक फ्रेम काढायला कार्डाला साधारण फोर-केएवढंच राबावं लागतं.

आणि हे काम सेकंदाला किती वेळा करायचं? १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला नवी फ्रेम दर ६.९ मिलिसेकंदाला हवी, २४० हर्ट्झला ४.२ मिलिसेकंदाला. सायबरपंक २०७७ सारखा गेम पाथ ट्रेसिंग लावून चालवायचा असेल तर ४०९० पण घाम गाळतं. डीएलएसएस क्वालिटी मोडमध्ये टाकलं की कार्ड आतल्या आत दोन्ही बाजूंनी साधारण ६७ टक्क्यांवर चित्र काढतं आणि मग मोठं करतं. ३४४० बाय १४४० ला याचा अर्थ साधारण २२९३ बाय ९६०, म्हणजे २२ लाख पिक्सेल. काम फुल एचडीएवढं आणि दिसायला अल्ट्रावाइड. मला ३४ इंची आवडतो त्याचं अर्धं कारण हेच आहे.

उलट बाजूही आहे. एवढं कार्ड जुन्या फुल एचडी मॉनिटरला जोडलं तर ते बसून राहतं, कारण तोवर प्रोसेसर दमलेला असतो. रिझोल्यूशन वाढवलं की ओझं मुख्यतः कार्डावर पडतं, प्रोसेसरवर फारसं नाही. म्हणून तीन-चार वर्षं जुना प्रोसेसर असेल तर जास्त पिक्सेलचा मॉनिटर घेणं शहाणपणाचं, जास्त हर्ट्झचा नव्हे.

आता पोर्ट. हा भाग कोणी वाचत नाही आणि नंतर मेसेज येतात. ४०९० वर डिस्प्लेपोर्ट १.४ आहे आणि एचडीएमआय २.१. डिस्प्लेपोर्ट २.१ आलं ते ५०९० वर, २०२५ मध्ये. फरक पडतो का? २०२३ मध्ये सॅमसंगचा ५७ इंची ओडिसी निओ जी९ आला, ७६८० बाय २१६०, म्हणजे दोन फोर-के शेजारी शेजारी, २४० हर्ट्झ. त्या वेळचं सगळ्यात महागडं ४०९० लावलं तरी पूर्ण रिझोल्यूशनला १२० च मिळायचे.

मॉनिटरच्या बाजूचंही पोर्ट बघा. एलियनवेअरचा २०२२ चा गाजलेला ३४ इंची क्यूडी-ओलेड घ्या. जाहिरातीत १७५ हर्ट्झ, आणि ते खरंही आहे, पण डिस्प्लेपोर्टवर आणि ८ बिट रंगात. १० बिट रंग हवे तर १४४. एचडीएमआयने जोडला तर १००. मॉनिटर तोच, कार्ड तेच, फक्त केबल वेगळी.

पॅनलकडे येऊ, कारण खरी भांडणं तिथेच होतात.

तुमच्या हातातल्या फोनला बहुतेक ओलेड स्क्रीन असेल. काळा रंग म्हणजे तिथला पिक्सेल चक्क बंद. मॉनिटरमध्येही तेच, आणि अंधाऱ्या खोलीत असा गेम खेळलात की दुसरं काही आवडत नाही, हे मान्य. पण फोनचा ऑल्वेज-ऑन डिस्प्ले बघा, त्यातलं घड्याळ अधूनमधून जरासं सरकतं. ते उगाच नाही. एकाच जागी तेच चित्र राहिलं तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि डाग राहतो, ज्याला बर्न-इन म्हणतात. आता विचार करा, दिवसाचे आठ तास कोड एडिटर उघडा, खाली टास्कबार, डावीकडे फायलींची यादी, सगळं जागच्या जागी. मी नेमका असाच बसतो. वर्क फ्रॉम होम आणि गेमिंग एकाच मॉनिटरवर असेल तर ओलेड घेताना बर्न-इन वॉरंटीत लेखी आहे का, किती वर्षं आहे आणि ती भारतात चालते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट अक्षरांची. पहिल्या पिढीच्या क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात असतात. त्यामुळे आडव्या कडांना हिरवट-जांभळट छटा येते. इंग्रजीत ती कमी जाणवेल, पण आपली शिरोरेखा म्हणजे अख्खी आडवी कडच! दिवसभर मराठी वाचणार-लिहिणार असाल तर दुकानात जाऊन एखादं मराठी वृत्तपत्राचं पान उघडून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. पुढच्या पिढ्यांत हे बरंच सुधारलंय. शिवाय याच पॅनलवर बाल्कनीतून ऊन आलं की काळा रंग राखाडी-जांभळा दिसतो. पडदे आहेत का तेही बघा.

आयपीएसमध्ये अक्षरं स्वच्छ, बर्न-इनची भीती नाही, पण कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास, त्यामुळे रात्री काळा म्हणजे गडद राखाडी. व्हीएमध्ये कॉन्ट्रास्ट तिप्पट आणि किंमत कमी, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या सीनमध्ये कॅमेरा फिरवला की काळी शेपूट ओढल्यासारखं दिसतं. शूटर खेळणाऱ्यांना ते सहन होत नाही.

गेम कोणते खेळता तेही महत्त्वाचं. फोर्झा होरायझन ५ मध्ये अल्ट्रावाइड म्हणजे पर्वणी. पण एल्डन रिंग १६ः९ लाच अडकलेला आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि वर ६० फ्रेमची मर्यादा. यूट्यूबचा नेहमीचा व्हिडिओही मधल्या २५६० पिक्सेलमध्येच बसतो, दोन्हीकडे ४४०-४४० रिकामे.

मग घ्यायचं काय? ४०८० किंवा ४०९० असेल आणि काम व खेळ एकाच टेबलावर, तर ३४ इंची, ३४४० बाय १४४०, १४४ ते १७५ हर्ट्झ, आयपीएस. फक्त रात्री, फक्त खेळायला, तर ओलेड, डोळे झाकून. ४९ इंची त्यांनाच सांगेन जे आत्ता दोन २७ इंची वापरतात, कारण तो तसाच आहे, मधली फट काढलेला. उंची वाढत नाही, रुंदी होते जवळजवळ चार फूट. भाड्याच्या फ्लॅटमधलं टेबल आधी टेपने मोजा. ५०९० वाल्यांचं गणित वेगळं. त्यांना ३४ इंची थोडा कमी पडेल, त्यांनी ५१२० बाय २१६० चे मॉनिटर बघावेत. ते १ कोटी १० लाख पिक्सेल होतात, फोर-केपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त.

मॉनिटर आला की दोन कामं लगेच करा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. बरेचदा तो ६० वरच बसलेला असतो आणि लोक महिनोन्महिने १७५ चा मॉनिटर ६० वर वापरतात. तो वाढवा, अडॅप्टिव्ह सिंक चालू करा आणि गेमच्या फ्रेम मॉनिटरच्या आकड्यापेक्षा तीन-चारने कमीवर बांधा. १७५ असेल तर १७१. चित्र फाटत नाही, आणि ४५० वॅटपर्यंत वीज ओढणारं कार्ड गरज नसताना पळत नाही. एप्रिलमध्ये पुण्यात बंद खोलीत खेळून बघा, हा फरक पंख्याखाली बसूनही कळतो.