गाळा, दलाल आणि गिऱ्हाईक

मुंबई-पुण्यात उपाहारगृह काढू पाहणारा मनुष्य आचाऱ्याआधी दलाल शोधतो. गाळा कोठे रिकामा होणार, मालक कितीवर उतरेल, ही माहिती दलालापाशीच असते. तिचे मोल नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दलाली बहुधा ठरते ती भाड्याच्या हिशेबाने आणि पदरात पडते ती करार होताच. भाडे उतरावे किंवा गैरसोयीचा गाळा नाकारला जावा, यात दलालाचा लाभ कोणता? धुराड्याला वाट आहे काय, सांडपाणी कोठे जाते, वरचे रहिवासी भटारखान्यास हरकत घेतील काय, हे प्रश्न मग अनामत भरल्यावर आणि भिंती रंगविल्यावर उभे राहतात. तोवर दलाल दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर हिंडत असतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली खरी; पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती. भाड्याचे गाळे तिच्या कक्षेबाहेरच राहिले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. हे गिऱ्हाइकास आपणहून सांगणारा दलाल विरळाच. दलाली एकरकमी ठरविण्याची, तिचा काही भाग परवाना हाती येईपर्यंत राखून ठेवण्याची अट मात्र गिऱ्हाइकास घालता येते. अर्थात ती गाळा पाहण्यापूर्वी घातली तरच.