ओढकाम करणाऱ्या मोटारी आणि स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल

वसई-विरार परिसरात एका मोटारीने दुसरी मोटार ओढून नेण्याचा प्रसंग विरळा नाही. पावसाळ्यात वसई, नालासोपारा व विरार येथील सखल रस्ते पाण्याखाली जातात. जुलै २०१८ मध्ये तर येथील लोहमार्गही पाण्यामुळे बंद पडला होता. अशा वेळी अडकलेली गाडी शेजाऱ्याच्या अगर आप्ताच्या गाडीमागे दोर लावून गॅरेजपर्यंत नेली जाते. ओढणारी गाडी स्वयंचलित गिअरबॉक्सची असल्यास या श्रमाचा परिणाम तत्काळ दृष्टीस पडत नाही. तो गिअरबॉक्समधील तेलात साठत जातो, आणि पुढे केव्हातरी गिअर बदलताना गाडी हिसका देऊ लागते, तेव्हा मूळ कारण कोणाच्या स्मरणातही नसते.

प्रथम एक भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर जी स्वस्त स्वयंचलित पद्धती लोकप्रिय झाली, तीत नेहमीचाच गिअरबॉक्स व कोरडा क्लच असून केवळ ते हलविण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले असते. प्रस्तुत विवेचन तिला लागू नाही. येथे विचार करावयाचा आहे तो टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्सचा. इनोव्हा क्रिस्टा किंवा थार यांसारख्या ज्या जड गाड्यांकडे ओढकाम सहजच येते, त्यांच्या स्वयंचलित आवृत्त्यांत हीच रचना आढळते.

या रचनेचे मूळ जहाजांत आहे. जलद फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांचा मेळ घालण्यासाठी हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये द्रवाच्या द्वारे शक्ती वाहून नेण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. इंजिनाने फिरविलेले एक पातेचक्र तेल भिरकावते आणि त्या तेलाच्या आघाताने समोरचे दुसरे चक्र फिरते. दोहोंमध्ये लोखंडी जोड नसल्यामुळे दुसरे चक्र पहिल्याच्या काहीसे मागे राहते. जी शक्ती या मागे राहण्यात खर्ची पडते, ती सर्व उष्णतेच्या रूपाने तेलातच उतरते.

ही उष्णता किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. ओढणारी व ओढली जाणारी अशा दोन गाड्यांचे मिळून वजन ४ टन असून त्या २० स एक या प्रमाणाचा चढ ताशी २४ किलोमीटर वेगाने चढत आहेत असे मानू. चाकांशी सुमारे १७ किलोवॅट शक्ती लागेल. कन्व्हर्टरची कार्यक्षमता त्या स्थितीत ७७ टक्के धरल्यास सुमारे ५ किलोवॅट उष्णता तेलात जाईल. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर तेल असेल आणि ते थंड करण्याची कोणतीच सोय नसेल, तर त्याचे तापमान दर मिनिटास २० अंशांहून अधिक चढेल. सोय अर्थातच असते. परंतु तेल थंड करणारी जाळी वाहत्या हवेवर अवलंबून असते, आणि मंदगती गाडीस तीच हवा अपुरी मिळते.

वरील उदाहरणातील वेग यदृच्छेने घेतलेला नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांनी बंद गाडी ओढताना ताशी २४ किलोमीटरची मर्यादा घातली होती व दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावे असे म्हटले होते. त्या नियमांची जागा २०१७ च्या नियमावलीने घेतली, तरी दोराने ओढण्याचे काम सावकाशच करावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होय. गिअरबॉक्सच्या दृष्टीने मात्र हा वेग प्रतिकूल ठरतो. कारण वेग स्थिरावल्यावर दोन्ही चक्रे एकत्र जखडून घसरण थांबविणारा जो क्लच असतो, तो अशा मंद वेगात व जड भाराखाली बहुधा सुटलेलाच राहतो. वर्सोवा पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग लागलेली असताना किंवा गायमुखचा चढ चढताना हीच स्थिती दीर्घकाळ टिकते.

उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते. दर १० अंश तापमानवाढीस या क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. त्या हिशेबाने ८० अंशांवर जे तेल १६ महिने टिकावे, ते १२० अंशांवर एका महिन्यात जीर्ण होईल. आम्ले उत्पन्न होतात, झडपांवर रोगणासारखा थर बसतो, रबरी सील कडक होतात. याहून नाजूक गोष्ट म्हणजे घर्षणाचे नियमन करणारी द्रव्ये क्षीण होतात. गिअरबॉक्समधील क्लच सफाईने धरावेत म्हणून ही द्रव्ये तेलात मिसळलेली असतात. एके काळी स्पर्म देवमाशाचे तेल याच कामी वापरीत; १९७० च्या दशकारंभी अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर कृत्रिम पर्याय शोधणे भाग पडले.

म्हणूनच ‘आजन्म टिकणारे तेल’ हे काही मोटार-कारखान्यांचे वचन ओढकामाच्या गाडीपुरते तरी ग्राह्य धरता येत नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनविणारी जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे या अवधीत तेल बदलण्यास सांगते, आणि भार ओढणाऱ्या वाहनांत त्याही आधी. किलोमीटरचा आकडा येथे फसवा आहे. अर्ध्या तासाच्या ओढकामात जेमतेम १२ किलोमीटर नोंदले जातात. तेलाचे वय मात्र त्याहून पुष्कळ अधिक वाढलेले असते.

तेल बदलताना एक अडचण येते. तळाची बूच उघडली तरी कन्व्हर्टरमधील तेल आतच राहते. एका खेपेस ४० टक्के तेल निघते असे मानले, तर पहिल्या बदलानंतर ६० टक्के, दुसऱ्यानंतर ३६ टक्के व तिसऱ्यानंतर सुमारे २२ टक्के जुने तेल शिल्लक राहते. मध्यंतरी थोडी गाडी चालवून दोन-तीन खेपा करणे यासाठीच इष्ट असते. पातळी इंजिन चालू ठेवून, कारखान्याने सांगितलेल्या तापमानासच पाहावी; ६० अंशांच्या फरकाने ८ लिटर तेल सुमारे एक-तृतीयांश लिटर फुगते. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसल्यास चिंतेचे कारण नाही. चकाकणारे कण दिसल्यास आहे. तेलाचा तांबडा रंग हा निव्वळ मिसळलेला रंग असतो. त्यावरून गुण ठरत नाही, करपट वासावरून काही अंशी ठरतो.

पाण्यातून गेलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र रंगच प्रमाण मानावा. सोलकढीसारखे दुधाळ गुलाबी तेल निघाल्यास आत पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे. क्लचच्या तबकड्यांवरील कागदी अस्तर पाणी शोषते व त्याचा चिकटा सुटतो. अशी गाडी चालू न करता तेल काढणे हेच श्रेयस्कर. ती दोराने ओढूनही नेऊ नये. इंजिन बंद असता तेलपंप फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे भाग वंगणावाचून झिजतात. चालक चाके जमिनीवरून उचलून अगर संपूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.