४ कोटी डॉलरचा मेंदू-नकाशा

कवटीला हात न लावता मेंदूचा नकाशा काढायला पैसे कोण देतं? २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएचने (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने) ५ वर्षांसाठी ४ कोटी डॉलर बाजूला काढले आणि 'ह्युमन कनेक्टोम प्रोजेक्ट' (कनेक्टोम म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा) सुरू झाला. त्यातले सुमारे ३ कोटी वॉशिंग्टन विद्यापीठ (सेंट लुइसचं बरं का, राजधानीतलं नव्हे) आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाला मिळाले.

लक्ष्य होतं २२ ते ३५ वयाच्या १,२०० धडधाकट माणसांचं, त्यांत भरपूर जुळी भावंडं. त्यांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवायचं, अंधाऱ्या पडद्यावर एक चमकती फुली दाखवायची आणि सांगायचं, काही करू नका, फक्त झोपू नका. अशा १५-१५ मिनिटांच्या ४ फेऱ्या! मला तर पाचव्या मिनिटाला डुलकी लागली असती.

पैसा नुसता यंत्रांवर गेला नाही. एका वेळी मेंदूचे अनेक काप टिपायची पद्धत इथे इतकी घासूनपुसून घेतली, की अख्ख्या मेंदूचं एक चित्र ०.७२ सेकंदात मिळू लागलं. याच माहितीवरून २०१६ मध्ये मेंदूच्या बाह्यकाचे (म्हणजे बाहेरच्या थराचे) दर अर्धगोलात १८० भाग आखले गेले. त्यांतले ९७ नवे.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: हा डेटा कपाटात कुलूपबंद नाही. नोंदणी करा, अटी मान्य करा, पुण्यात बसून उतरवून घ्या. हार्ड डिस्क मात्र दणकट हवी.