गाडीतला स्टिरिओ : वायरपासून पेटीपर्यंत

गाडीतल्या स्टिरिओची बांधणी बॅटरीपासून सुरू होते. बॅटरी 12 व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो दाब साधारण 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत नेतो. 500 वॉटचा, 80 टक्के कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात 625 वॉट खेचतो, म्हणजे सुमारे 45 अँपिअर. डॅशबोर्डमागच्या मूळ वायरिंगला हे झेपत नाही. त्यामुळे बॅटरीपासून वेगळी जाड तांब्याची वायर आणतात आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसवतात. हा फ्यूज मुख्यतः वायरसाठी असतो. वायर पत्र्याला घासून सोलली गेली आणि फ्यूज नसेल, तर गाडी पेटू शकते. इथे काटकसर अक्षम्य आहे. अर्थची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळतात. सिग्नलच्या वायरी गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेतात, नाहीतर एक्सलरेटर दाबताच स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या भागात हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. भरवेली, उकवा या मँगनीज खाणींकडच्या वाटांवर धूळ, मे महिन्यात 40 अंशांवरचे ऊन आणि त्यामागून जोरदार पाऊस. दाराच्या काचेलगत पाणी आत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. दाराची थरथर थांबवण्यासाठी ब्यूटाइलची चादर चिकटवताना ही भोके मोकळी ठेवावीच लागतात. ती बुजली तर दार आतून गंजते. स्पीकरचे टर्मिनलही पाण्याच्या धारेखाली येऊ देत नाहीत.

सगळ्यात जास्त कौशल्य सबवूफरच्या पेटीत लागते. 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची, बाहेरून 40 × 40 × 30 सेंटिमीटरची पेटी पाहणाऱ्याला 48 लिटरची वाटते. फळीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत उरतात जेमतेम 35 लिटर. त्यातूनही सबवूफरने व्यापलेली जागा वजा होते. हा हिशेब चुकला की महागडा सबवूफरही नुसता घुमतो, बास सुटा ऐकू येत नाही. बंद पेटीच्या सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून ते आतून सीलंटने भरतात. एमडीएफ ओलीने फुगतो, त्यामुळे कापलेल्या कडांना सीलर लावणे पावसाळी मुलखात टाळता येत नाही.

जुळवणी शेवटी. साधारण 80 हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा दारांतल्या स्पीकरकडे वळवतात. मग स्टिरिओचा आवाज पाऊणपट ठेवून ॲम्प्लिफायरचा गेन हळूहळू वाढवतात; आवाज फाटू लागला की थोडा मागे घेतात. गेन म्हणजे जोर वाढवण्याचे बटण नव्हे. तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालतो, आणि फाटका आवाज सतत वाजवला तर स्पीकरची कॉइल जळू शकते. बैहरकडच्या घाटरस्त्यावर गाडी काही दिवस फिरली, की बॅटरी, फ्यूज आणि अर्थ यांचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहतात.