कैलासपतीचा फणा

चेन्नईला आलात ना बाळांनो, की एकदा पहाटे उठून नागलिंगमचं झाड बघायला जायचं. आपण महाराष्ट्रात त्याला कैलासपती म्हणतो. इथल्या कितीतरी शिवालयांच्या आवारात ते असतं. फुलं शोधायला शेंड्याकडे मान वर करू नका. ती थेट खोडातून फुटतात, लोंबत्या दांड्यांवर, पार तुमच्या हाताशी येतील इतकी खाली. त्यांच्या शेजारीच तोफेच्या गोळ्यासारखी गोल, कठीण, तपकिरी फळं. एकेक फळ वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद! म्हणून बघायचं ते जरा बाजूला उभं राहून.

आता झाडाखाली पडलेलं एखादं ताजं फूल उचला. सहा जाडजूड पाकळ्या, आतून लालसर गुलाबी. मधोमध एक चकती आणि तिच्यावर आखूड पुंकेसरांचं दाट कडं. कड्याच्या बरोबर मध्यावर बारीकसा उंचवटा दिसतो, ती कुक्षी. तिच्यावर परागकण पडले, तर खालच्या अंडाशयात बी धरणार. इथवर सगळं इतर फुलांसारखंच. पण या चकतीची एक बाजू लांब वाढते आणि वळून कड्यावर झुकते, अगदी नागाच्या फण्यासारखी. शिवलिंगावर नागाने फणा धरलाय असं भाविकांना वाटतं, ते उगीच नाही. हा फणा हळूच उचलून बघा. आतही पुंकेसरच! तेही परागांनी भरलेले.

एकाच फुलात पुंकेसरांचे दोन संसार कशाला?

त्याचं असं आहे. या फुलात मध नसतो. एक थेंबही नाही. वास मात्र असा सुटतो, विशेषतः रात्री आणि भल्या पहाटे, की आवारात पाऊल टाकताच कळतं. त्या वासावर येतो लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा. हाच तो, कीर्तनात ऐकलेला, कोरडं लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कमळात अडकणारा. पराग गोळा करायला येते ती मादी, कारण तिला पोखरलेल्या लाकडातल्या पिल्लांसाठी शिदोरी हवी असते. पण सगळेच पराग तिने नेले, तर झाडाला बी कुठून मिळणार?

म्हणून फण्यातले पराग निराळे आणि कड्यातले निराळे. फण्यातले वांझ, त्यांच्यापासून बी होत नाही. ते पाहुणीच्या पानात वाढण्यासाठी. कड्यातले खरे, बी धरवणारे. ती फण्यात शिरून पराग खरवडू लागली, की तिची पाठ कड्याला घासते. पाठीवर पिवळी पूड बसते, आणि तिथं तिचे पाय नीट पोहोचत नाहीत. तशीच ती दुसऱ्या झाडाच्या फुलात शिरते आणि पाठीवरचे पराग तिथल्या कुक्षीला लागतात. झाडालाही तेच हवं असतं, कारण नीट बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. मला तर परागीभवनाच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत सरळ व्यवहाराची वाटते. यात कोणी कोणाला फसवत नाही.

आणखी एक नवल ऐका. हे झाड मूळचं इथलं नव्हेच, दक्षिण अमेरिकेतलं! फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले याने 1775 मध्ये गियानातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. तिकडेही मुख्य काम भुंगेच करतात. झाड समुद्रापार आलं, तिकडचे भुंगे काही सोबत आले नाहीत. पण त्यांचे भाऊबंद इथं होतेच, तेवढ्याच अंगापिंडाचे. फण्यात शिरावं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

एका फुलाचं आयुष्य जेमतेम दिवसाचं. फळ पिकायला मात्र वर्ष, कधी दीड वर्षही लागतं.

तेव्हा घराच्या वाशाला किंवा गच्चीवरच्या वाळक्या बांबूला गोल भोक दिसलं आणि आत गुणगुण ऐकू आली, तर ते बुजवू नका आणि औषधही मारू नका. आत भुंग्याची पिल्लं वाढत असतील.