छातीवर ऐकू येणारा आवाज आणि फुप्फुसरोगांचे निदान

प्रस्तावना :
रुग्णाला बोलावयास लावून त्याच्या छातीवर उमटणारा आवाज ऐकणे, ही फुप्फुसांच्या तपासणीची जुनी परंतु अर्थपूर्ण पद्धती होय. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी इ. स. १८१६ मध्ये कागदाच्या गुंडाळीतून छातीतील ध्वनी ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोपचा उदय झाला. इ. स. १८१९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या ध्वनींचे सविस्तर विवेचन केले.

शास्त्रीय आधार :
कंठातील आवाज श्वासनलिकांमधून खाली उतरतो. निरोगी फुप्फुसातील हवेने भरलेले वायुकोश उच्च वारंवारतेचे ध्वनी क्षीण करतात. त्यामुळे छातीवर केवळ अस्पष्ट गुणगुण ऐकू येते. न्यूमोनियात वायुकोश स्रावाने भरून तो भाग घट्ट होतो. अशा वेळी श्वासनलिका मोकळी असल्यास उच्च वारंवारतेचे ध्वनीही छातीपर्यंत पोहोचतात.

प्रमुख प्रकार :
१) ब्रॉन्कोफोनी : आवाज नेहमीपेक्षा मोठा व स्पष्ट ऐकू येतो.
२) इगोफोनी : आवाज शेळीच्या ओरडण्यासारखा कापरा व अनुनासिक भासतो. रुग्णाने उच्चारलेला 'ई' हा 'ए' असा ऐकू येतो. घट्ट झालेल्या भागावर, तसेच फुप्फुसावरणात साचलेल्या पाण्याच्या वरच्या कडेशी हे लक्षण आढळते.
३) कुजबुजीचे श्रवण : कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून निरोगी फुप्फुसावर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. घट्ट भागावर मात्र अक्षरे स्पष्ट उमटतात.

तपासणीची रीत :
रुग्णास 'एक, दोन, तीन' असे त्याच्याच भाषेत म्हणावयास सांगावे आणि दोन्ही बाजूंच्या समान जागा आळीपाळीने ऐकाव्यात. तुलना हाच या परीक्षेचा प्राण आहे.

मर्यादा :
फुप्फुसावरणात पाणी वा हवा साचल्यास त्या जागी आवाज मंदावतो. श्वासनलिका तुंबल्यास घट्ट भागावरही तो क्षीण होतो. खोलवरचा लहान दोष कानाला कळतच नाही. त्यामुळे आवाज प्राकृत आहे, एवढ्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही. क्षयरोगाची शंका असल्यास थुंकीची व क्ष-किरण तपासणी अनिवार्य ठरते.

समारोप :
क्ष-किरण यंत्र जवळ नसलेल्या आरोग्य केंद्रात कोणत्या रुग्णास तातडीने पुढे पाठवावे, हे ठरविण्यास ही परीक्षा साहाय्यभूत ठरते. तिला अंतिम निर्णय न मानता पुढील तपासणीची दिशा दाखविणारे साधन मानावे, यातच रुग्णाचे हित आहे.