नोंदणी एक, पगार अनेक

बारावीनंतर खात्रीची नोकरी मिळवून देणारे शिक्षण म्हणून महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे परिचर्येकडे, म्हणजे रोजच्या भाषेतील नर्सिंगकडे, पाहतात आणि ही समजूत निराधार नाही, कारण प्रशिक्षित परिचारिकेला काम सहसा मिळते. त्या कामाचे मोल किती मिळेल हे मात्र तिच्या शिक्षणाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ती कोणाकडे नोकरी करते यावर ठरते. प्रवेशाच्या धावपळीत हा विचार बहुधा मागे राहतो.

या पेशात शिरण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. एएनएम हा २ वर्षांचा अभ्यासक्रम साहाय्यकारी परिचारिका आणि प्रसाविका घडवतो, म्हणजे प्रामुख्याने गावपातळीवरील उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी व तपासणी अशी कामे पाहणारी आरोग्यसेविका तयार करतो. जीएनएम ही ३ वर्षांची पदविका असून तिच्यात आंतरवासितेचा, म्हणजे रुग्णालयातील सलग प्रत्यक्ष कामाचा, कालावधी धरलेला असतो. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी आहे आणि तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आवश्यक असतात. राज्यातील प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात, तर पदवी प्रामुख्याने नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. पदविकाधारकांना पुढे २ वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी अभ्यासक्रम करून पदवी मिळवता येते.

जीएनएम आणि बीएस्सी या दोहोंनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी होते, आणि या नोंदणीशिवाय कायदेशीरपणे हा व्यवसाय करता येत नाही. वॉर्डात उभे राहिल्यावर दोघींच्या कामात रुग्णाला फरक जाणवत नाही. तो जाणवतो नोकरीच्या अर्जात. उदाहरणार्थ, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला पदवीधर उमेदवार अनुभवाविना बसू शकतो, तर पदविकाधारकाकडून किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील २ वर्षांचा अनुभव मागितला जातो. अध्यापनाकडे किंवा एमएस्सीकडे जायचे असेल तरी पदवीच लागते. ज्याला विज्ञान शाखा आणि ४ वर्षांचा खर्च दोन्ही परवडतात, त्याने पदविकेवर समाधान मानण्याचे फारसे कारण नाही.

संस्था निवडताना इमारतीपेक्षा तिच्याशी जोडलेले रुग्णालय पाहावे. पदवी महाविद्यालयासाठी किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर दाबाच्या जागी रक्तपुरवठा मंदावून त्वचा मरते आणि शय्याव्रण होतो. हे पुस्तकात एका परिच्छेदात संपते, पण प्रत्यक्षात ते रात्रपाळीत, अपुऱ्या मनुष्यबळात, रोज निभवावे लागते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत केलेली शुश्रूषा हे या कौशल्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे, आणि असे कौशल्य कोणत्याही वेतनश्रेणीत वेगळे मोजले जात नाही हेही येथे नोंदवायला हवे.

वेतनातील तफावत मोठी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे ३५,४०० रुपयांपासून आणि आरोग्यसेविकेचे २५,५०० रुपयांपासून. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता त्यावर वेगळे मिळतात. खासगी क्षेत्रात मात्र असा ठाम आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य शासनाइतके वेतन द्यावे आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयांनीही २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेल्याने ती शिफारस बऱ्याच अंशी कागदावरच राहिली आणि छोट्या नर्सिंग होममध्ये त्याहूनही कमी पगारावर नोंदणीकृत परिचारिका राबताना दिसतात. शासकीय यंत्रणेतही कंत्राटी पदावरची परिचारिका कायम सहकाऱ्याइतकेच काम करून त्याहून कमी मानधन घेते. रिक्त पदे भरण्याऐवजी कंत्राटांवर वेळ मारून नेणे हे खर्च वाचवण्याचे धोरण म्हणून मांडले जाते, पण त्याचा भार रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, या मानकाशी वॉर्डातील वास्तव ताडून पाहिले की हे सहज लक्षात येते.

शासकीय सेवेतील बढतीची शिडी परिसेविका, म्हणजे वॉर्डची सिस्टर, आणि पुढे अधिसेविका, म्हणजे मेट्रन, अशी चढते, पण वरची पदे थोडी असल्याने ती संथ आहे. परदेशाची ओढ यातूनही वाढते. ब्रिटनसाठी इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी परीक्षा, त्यानंतर संगणकावरील लेखी चाचणी आणि ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यास साधारणतः बी २ पातळीचे जर्मन लागते, ज्यासाठी पुण्या-मुंबईत वर्ग चालतात. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयक आचारसंहितेनुसार नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास मध्यस्थाला मनाई आहे. त्यामुळे ब्रिटनमधील जागेसाठी लाखांची मागणी करणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी त्याच्याकडील परवाना आणि नेमणूक करणाऱ्या रुग्णालयाचे पत्र तपासून घ्यावे.